आजी, तुमचं पासबुक कुठे असतं?



आजचा विषय ऐकायला कुणालाच आवडत नाही, हे मला माहीत आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा होणारा छळ. 'छळ' म्हटलं की डोळ्यांसमोर मारहाण येते, यात्रेत सोडून दिलेली आई येते, पेपरातली बातमी येते. मग आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो, की बाबा, आपल्यात असलं काही नसतं.

मी हैदराबादला एका मोठ्या रुग्णालयात २२ वर्षं वैद्यकीय समाजसेविका होते. पेशंटच्या घरची परिस्थिती समजून घ्यायची, खर्चाची वाट काढायची, घरी सोडताना पुढे त्याला कोण बघणार ते ठरवायचं, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर आता ज्येष्ठांना अर्ज लिहायला, कचेरीत सोबत जायला मदत करते. एवढ्या वर्षांत एकाही म्हाताऱ्या माणसाने माझ्यासमोर बसून "ताई, माझा छळ होतो" असं म्हटल्याचं मला आठवत नाही. हा शब्द आपला आहे, त्यांचा नाही. ते जे बोलतात ते वेगळंच असतं, आणि ते ऐकायचं कसं यासाठीच आज मी तुमच्यासमोर आले आहे.

आकडे दोनच सांगते. भारत सरकारच्या 'लासी' या पाहणीत, २०१७-१८ मध्ये, साठीपुढच्या सुमारे ५ टक्के लोकांनी गेल्या वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना जगाबद्दल म्हणते, दर ६ जणांमागे साधारण एक. दोन्हींच्या पद्धती वेगळ्या, म्हणून त्यांची थेट तुलना करू नये. पण माणूस त्याच घरात राहतो, रात्री त्याच ताटात जेवायचं आहे, आणि कुणी अनोळखी येऊन विचारतंय की तुम्हाला त्रास आहे का. खरं कोण सांगेल? आपलेच दात, आपलेच ओठ. झाकली मूठ सव्वा लाखाची. या दोन म्हणींनी आपल्याकडे जेवढ्या तक्रारी गिळल्या असतील तेवढ्या कुठल्याही कचेरीने गिळल्या नसतील.

मग म्हातारी माणसं काय म्हणतात? "मला काही लागत नाही." "आता भूकच राहिली नाही." "फोन खराब झालाय." "मुलगा बिझी असतो." "मी कुणाच्या अध्यात ना मध्यात." यातलं प्रत्येक वाक्य साधं असू शकतं. खरंच भूक कमी होते, खरंच मुलगा कामात असतो. पण तीन-चार वाक्यं एकाच तोंडून आली, की मी कान टवकारते.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या एक आजी, नवरा गेल्यावर मुलाने हैदराबादला आणलेल्या. लघवीच्या संसर्गाने वर्षात तिसऱ्यांदा भरती झाल्या. डॉक्टरांनी तेलुगू आणि इंग्रजीत विचारायचं, मुलाने आईला मराठीत सांगायचं, आईने मान हलवायची, मुलाने पुन्हा इंग्रजीत उत्तर द्यायचं. मुलगा नीटनेटका, बोलायला नम्र, बिलं वेळेवर भरणारा. संशय यावा असं काहीच नाही. मी मुलाला औषधं आणायला खाली पाठवलं आणि आजींशेजारी बसून विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? त्या म्हणाल्या, "पोरगा लई करायलाय माझं. पर म्या पानी कमीच पिते." का? तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सातपर्यंत खोलीला बाहेरून कडी. आजी विसरतात, गॅस चालू ठेवतात, बाहेर निघून जातात, म्हणून कडी. खोलीत संडास नाही. कपडे खराब झाले की संध्याकाळी बोलणी. मग आजींनी स्वतःच उपाय शोधला होता, पाणी प्यायचंच नाही.

आता याला काय म्हणायचं? मुलाने हात उचलला नव्हता. त्याच्या दृष्टीने तो आईची काळजी घेत होता. आणि तरीही एक बाई दिवसाचे दहा तास तहानलेली कोंडून होती. माझ्या मते हा छळच आहे, हेतू काहीही असो. हे बोलताना मला त्या मुलाला खलनायक करायचं नाही. त्या घराला दिवसभर सांभाळणाऱ्या बाईची गरज होती, आणि ते त्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. ते आम्ही सांगितलं. पण डॉक्टरांच्या पहिल्या दोन भरतींच्या कागदांवर फक्त संसर्ग आणि प्रतिजैविकाचं नाव होतं.

ही मालिका देशभरातली मराठी माणसं ऐकतात, म्हणून इथे जरा थांबते. नोकरीसाठी मुलं बंगळूर, गुरुग्राम, चेन्नई, अहमदाबाद गाठतात आणि पाठोपाठ आई-वडिलांना आणतात. गावात ज्या बाईला वाण्यापासून ग्रामसेवकापर्यंत सगळे ओळखत होते, ती चौदाव्या मजल्यावर मुकी होते. वॉचमनशी बोलता येत नाही, शेजारीण कन्नड बोलते, बँकेची शाखा मागे गावाला राहिली. बाहेरच्या जगाशी तिचा दुभाषी एकच, तिचा मुलगा किंवा सून. तो माणूस चांगला असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर तिची तक्रार तिच्याच विरोधातल्या माणसाच्या तोंडून बाहेर पडायची आहे. म्हणून परराज्यातल्या मराठी मंडळींना माझी विनंती. तुमच्या सोसायटीत अशी एखादी आजी असेल, तर हळदीकुंकवाला बोलावण्यापुरतं थांबू नका. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं, एकटीशी, मराठीत बोला. महाराष्ट्र मंडळं गणपती सुंदर करतात. भाद्रपद संपल्यावरही त्या याद्या आणि ते फोन नंबर कामाला येऊ शकतात.

बोलायचं काय? "त्रास देतात का हो?" असं विचारलंत तर उत्तर 'छे छे' असंच येणार. साधं विचारा. सकाळचा चहा कोण देतं? जेवायला सगळ्यांबरोबर बसता का? गोळ्या कोण आणतं? गावाला भावाला फोन करावासा वाटला तर कसा करता? आणि माझा आवडता प्रश्न: आजी, तुमचं पासबुक कुठे असतं?

या प्रश्नावर माणूस गप्प झाला, तर मी पुढचं बरंच काही समजते. पैशाचा गैरव्यवहार हा सगळ्यात शांत प्रकार. पेन्शन जमा झाली त्याच दिवशी पूर्ण काढली जाते आणि आजीकडे रिक्षाला वीस रुपये नसतात. एटीएम कार्ड 'सोयीसाठी' दुसऱ्याकडे. बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर बदललेला, म्हणजे ओटीपी तिकडेच. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी आजोबांना इस्त्रीचा शर्ट, गाडीतून बँक, वाटेत उसाचा रस. उरलेले अकरा महिने कुणी विचारत नाही.

शरीरावरच्या खुणा डॉक्टरांना आणि नर्सला जास्त कळतात, पण तुम्हालाही दिसू शकतात. दोन्ही दंडांवर आतल्या बाजूने बोटांसारखे वळ, मनगटाभोवती खूण, वेळच्या वेळी कूस न बदलल्यामुळे झालेले बेडसोअर, कपडे सैल होत जाणं, वाढलेली नखं, दिवसभर गुंगी. चष्मा फुटून चार महिने झाले, कवळी हरवली, कानातल्या मशीनचा सेल संपला, आणि कुणी लक्ष देत नाही. हेही त्यातच धरा. मात्र एका वळावरून निष्कर्ष काढू नका. म्हातारपणी कातडी पातळ होते, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नुसता दाराचा धक्का लागूनही हात काळानिळा होतो. एक खूण पाहून चौकशी करावी. खुणांचा मेळ बसत नसेल, सांगितलेली हकिगत दर वेळी बदलत असेल, दुसरं कुणी खोलीत आलं की आजी बोलणं थांबवत असेल, तर मागे लागावं.

आणि हो, दर वेळी सूनच नसते. मालिकांनी आपल्या डोक्यात सून पक्की बसवली आहे. मी पाहिलेल्या सह्या बहुतेक मुलांनी घेतलेल्या होत्या, काही लेकींनी. नवऱ्याकडून आयुष्यभर मार खाल्लेली बाई सत्तरीतही मार खाते, आणि त्याला आपण 'त्यांचं असंच आहे' म्हणतो. पगारी मावशी, भाडेकरू, पुतण्या, सगळे आले यात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्मृतिभ्रंश झालेल्या सासूला तीन वर्षं एकटीने सांभाळणारी सून रात्री चौथ्यांदा उठवल्यावर किंचाळते, हात धरून ओढते. तिला पोलीस नको असतो, तिला झोप हवी असते. आठवड्यातून दोन दिवस कुणीतरी येऊन बसलं, नणंदेने महिनाभर आईला नेलं, तर ते घर सावरतं. लांब राहून फोनवर सल्ले देणाऱ्या भावंडांनी हे विशेष ऐकावं. थकव्यामुळे झालेलं ओढणं माफ आहे असं मी म्हणत नाही. उपाय वेगळा आहे, एवढंच.

आता कागदपत्रांकडे येते, कारण बरंचसं टाळणं इथेच शक्य असतं.

'नटसम्राट' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं आहे. १९७० साली ते रंगभूमीवर आलं. आप्पासाहेबांनी सगळं मुलांना वाटून टाकलं आणि पुढे काय झालं ते सांगायला नको. मला त्या नाटकात नेहमी कायद्याचा मुद्दा दिसतो, हा माझ्या कामाचा दोष असेल. आप्पासाहेबांनी देताना एकही अट घातली नाही. आज ते माझ्याकडे आले असते, तर मी पहिलं विचारलं असतं, कागदावर काय लिहिलंय?

२००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. त्याचं कलम २३ असं सांगतं: ज्येष्ठाने या अटीवर मालमत्ता दिली, की घेणारा आपल्या मूलभूत गरजा भागवील, आणि घेणाऱ्याने ते नाकारलं, तर ते देणं फसवणुकीने वा दडपणाखाली झालं असं मानून न्यायाधिकरण रद्द करू शकतं. कळीचा शब्द 'अट'. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं, की प्रेमापोटी दिलं एवढं पुरत नाही, अट होती हे दिसलं पाहिजे. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातल्या एका आईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावला. तिथे बक्षीसपत्राबरोबर मुलाने सांभाळण्याचं वेगळं वचनपत्र लिहिलं होतं. दोन्ही एकत्र वाचून बक्षीसपत्र रद्द झालं आणि घराचा ताबा आईला परत देण्याचा आदेश निघाला. पण ती बाई खालपासून वरपर्यंत लढली. तुम्हाला ते करायचं नसेल, तर बक्षीसपत्रातच एक ओळ घाला, की मला मरेपर्यंत या घरात राहू द्यायचं, अन्न-औषध द्यायचं, न दिल्यास हे रद्द. ही ओळ घालायला मुलगा नाराज झाला, तर त्या नाराजीतूनही तुम्हाला काहीतरी कळलंच.

त्याहून सोपं म्हणजे बक्षीसपत्र करूच नका, मृत्युपत्र करा. ते तुमच्या माघारी लागू होतं आणि जिवंतपणी केव्हाही बदलता येतं. कुलमुखत्यारपत्र देताना 'सर्व अधिकार' देऊ नका; एका कामापुरतं द्या. बँकेत जोडखातं करताना 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हटलं, तर पहिला खातेदार हयात असेपर्यंत व्यवहार त्याचाच. दोन शब्दांचा फरक, पण त्या दोन शब्दांवर मी म्हातारपणं उभी राहिलेली आणि कोसळलेली पाहिली आहेत. हिंडता-फिरता येत नाही म्हणून कार्ड दुसऱ्याला द्यायची वेळ आली, तर आधी शाखेत विचारा. सत्तरीपुढच्या खातेदारांना घरी येऊन मूलभूत सेवा द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितलेलं आहे.

आता, घडतंय हे कळलं. पुढे?

जिवाला धोका असेल तर ११२. बाकी वेळी १४५६७, ही केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन. देशभर चालते, फुकट आहे, सकाळी ८ ते रात्री ८. फोन ज्येष्ठानेच केला पाहिजे असं नाही. शेजारी करू शकतो. आई असेल, आजी असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही तिचाच आहे. तो फक्त तरुण सुनांसाठी आहे हा गैरसमज. त्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही माहिती देऊ शकतो, आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर काही बालंट येत नाही. 'उगाच आपल्या अंगाशी येईल' म्हणणाऱ्या शेजाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही, त्यासाठी १५१००.

पोटगीसाठी, किंवा मघाशी सांगितलेल्या कलम २३ साठी, अर्ज २००७ च्या कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे. नाव मोठं आहे, पण बसतात आपले महसूल अधिकारीच. महाराष्ट्रात प्रांत, तेलंगणात आरडीओ, मध्य प्रदेशात एसडीएम, कर्नाटकात असिस्टंट कमिशनर. वय ६० पूर्ण हवं; आई-वडिलांना ही वयाचीही अट नाही. मुलगा-मुलगी, सज्ञान नातू-नात यांच्याविरुद्ध अर्ज करता येतो. मूलबाळ नसेल, तर जो वारस मालमत्ता उपभोगतोय किंवा पुढे घेणार आहे त्याच्याविरुद्ध. वकील लागत नाही. स्वतः जाता येत नसेल, तर ज्याला तुम्ही अधिकार द्याल तो माणूस वा संस्था अर्ज करते. पोटगीचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत द्यायचा, अपवादाने ३० दिवस जास्त. पोटगी राज्य ठरवेल त्या मर्यादेपर्यंत, आणि ती मर्यादा मूळ कायद्यात महिना १०,००० रुपयांपुढे जात नाही. आजच्या औषधांच्या किमतीत हे तुटपुंजं आहे, असं माझं मत. २०१९ मध्ये कायदा सुधारायचं विधेयक लोकसभेत आलं होतं, त्यात सून-जावईही येणार होते. ते मंजूर झालं नाही, लोकसभेबरोबर बारगळलं.

मुलगा बंगळूरला, आई अकोल्यात परतलेली, तर अर्ज कुठे? बरेच जण इथेच अडतात. कायदा म्हणतो, ज्येष्ठ जिथे राहतो किंवा शेवटचा राहत होता तिथे, किंवा मुलं राहतात तिथे. आईला बंगळूरला खेटे घालायची गरज नाही. अकोल्यात अर्ज होतो.

अर्जाबरोबर काय लागतं, तर नोंदी. तारीखवार वही ठेवा. कोणत्या दिवशी जेवण दिलं नाही, काय बोललं गेलं, किती पैसे काढले. पासबुकाच्या झेरॉक्स, डॉक्टरांचे कागद, जखमेचा फोटो. आणि ही वही त्या घरात ठेवू नका.

एक सावधगिरीही सांगते, कारण मी हाही खेळ पाहिला आहे. मुलाचं बायकोशी पटत नाही, मग तो आई-वडिलांना पुढे करून याच कायद्याखाली सुनेला घराबाहेर काढायला बघतो. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेचा राहण्याचा हक्क असा उडवून लावता येणार नाही. दोन्ही कायदे एकत्र जुळवून वाचायचे. मदत करणाऱ्याने घरातल्या सगळ्यांचं ऐकायचं असतं ते याचसाठी.

शेवटचा प्रश्न मला हमखास विचारला जातो. आजी 'नको' म्हणाल्या तर? शुद्धीत असलेली, समजून उमजून बोलणारी म्हातारी बाई 'नको' म्हणते, तेव्हा तो तिचा अधिकार आहे. ती लहान मूल नाही. तिला भीती असते, की मुलाला तुरुंगात टाकतील आणि मला आश्रमात. तेव्हा तिला सांगा, की न्यायाधिकरण आधी सलोखा अधिकाऱ्याकडे पाठवू शकतं, समजुतीने मिटवायचा प्रयत्न होतो, अर्ज म्हणजे अटक नव्हे. तरीही नको म्हणाली, तर जबरदस्ती करू नका, पण जाणं थांबवू नका. तिच्या उशाखाली नाही, पण डब्यात, पोथीत कुठेतरी नंबर लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. अनेक जणी चौथ्या-पाचव्या भेटीत बोलतात. मात्र स्मृतिभ्रंशामुळे तिला काही समजतच नसेल, किंवा कोंडून ठेवलं असेल, उपाशी ठेवलं असेल, मारहाण होत असेल, तर तिच्या होकाराची वाट बघत बसायचं नाही. फोन करायचा. पत्ता, मजला, फ्लॅटचा नंबर, घरात दिवसा कोण असतं, आजारपण काय आहे, एवढं आधी कागदावर लिहून घ्या. आणि तुम्ही परराज्यात असाल, तर आजींना फक्त मराठी समजतं, बोलायला मराठी येणारं माणूस पाठवा, हे पहिल्याच वाक्यात सांगा.